अझोला म्हणून आणलेली साल्विनिया: शेततळं पुन्हा मोकळं कसं करायचं

इंदुरात सुदामानगरला राहणाऱ्या आणि सांवेरच्या पुढे शेती असलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: चाळीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. पाणी ठिबकला जातं, तळ्यात रोहू-कतला मासे सोडलेले आहेत. दीड वर्षापूर्वी ओळखीच्या गोठेवाल्याकडून ‘अझोला’ (गुरांना चारा म्हणून देतात ती पाण्यावर तरंगणारी वनस्पती) म्हणून पिशवीभर हिरवळ आणून सोडली. गायींनी तिला तोंड लावलं नाही. आता अख्ख्या तळ्यावर तिची गोधडी झाली आहे. दोनदा मजूर लावून काढली, दोन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत होती तशी. औषधवाला म्हणतो टू-फोर-डी हे तणनाशक मारा. मारू का? सोबत तीन फोटो.

ताई, मारू नका. का ते पुढे सांगतो. आधी ही वनस्पती कोणती ते पक्कं करू, कारण तुमचं दुखणं त्या पिशवीला दिलेल्या चुकीच्या नावापासूनच सुरू झालंय.

तिसऱ्या फोटोत तुम्ही एक काडी तळहातावर घेतली आहे, तो फोटो सगळ्यात कामाचा. काडीवर पानं जोडीजोडीने बसलेली दिसतात, दोऱ्यात ओवल्यासारखी. प्रत्येक पान मधल्या शिरेवर दुमडलेलं, अर्धवट मिटलेल्या वहीसारखं. अझोला अशी नसते. अझोलाचं अख्खं झाड एक-दोन सेंटिमीटरचं, पानं खवल्यांसारखी बारीक, एकावर एक चढलेली, आणि उन्हाने किंवा थंडीने ती तांबूस होते. तुमच्याकडे आहे ती साल्विनिया. जात बहुतेक मोलेस्टा, म्हणजे साल्विनियांतली सगळ्यात त्रासदायक. आपल्या मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात सारणीच्या सतपुडा जलाशयात हीच पसरली होती, तिथले लोक तिला ‘चायनीज झालर’ म्हणतात. केरळात तिचं नाव ‘आफ्रिकन पायल’. आफ्रिकेतल्या करिबा धरणावर १९६० च्या आसपास हिने सुमारे एक हजार चौरस किलोमीटर पाणी झाकलं, तेव्हापासून तिकडे ती ‘करिबाचं तण’. मूळची आहे आग्नेय ब्राझीलची. जो तो ती दुसऱ्याच्या दारातून आली असं म्हणतो, एवढाच याचा अर्थ.

‘बहुतेक’ म्हणालो, कारण फोटोवरून शेवटची खात्री देता येत नाही. घरच्या घरी तीन गोष्टी करून पाहा.

पानावर थेंबभर पाणी टाका. अळूच्या पानावर घरंगळतं तसं घरंगळेल. मग तेच पान काचेच्या पेल्यात पाण्याखाली धरा. चांदीचा वर्ख लावल्यासारखं चमकेल, कारण पानावरच्या केसांमध्ये हवा अडकून राहते. बाहेर काढलं की पान कोरडं ठाक. हे पाहायला मला अजूनही मजा येते, शत्रू असला तरी देखणा आहे.

मग भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. घड्याळजीकडे मिळतं. पान बोटावर गुंडाळा आणि कडेने, उजेडाच्या दिशेला धरून पाहा. पानावर बारीक दांड्या उभ्या असतात, प्रत्येक दांडीच्या टोकाला चार केस फुटतात, बाहेर फुगतात आणि वर परत एकाच गाठीत मिळतात. आकाशकंदिलाच्या कामट्या वर-खाली बांधल्यावर जो सांगाडा दिसतो, अगदी तसा. कंदील बांधलेला असेल तर मोलेस्टा किंवा तिच्या तीन जवळच्या बहिणींपैकी कुणीतरी. साल्विनियाच्या काही लहान जातींमध्ये कामट्या वर सुट्या राहतात. जून, मळलेल्या पानांवरचे केस मोडलेले असतात, म्हणून कोवळं पान घ्या.

तिसरी गोष्ट, झाड उलटं करा. खाली तपकिरी, पिसांसारखा झुबका लोंबतो. सगळे त्याला मुळं म्हणतात, पण हिला मुळं नसतातच. प्रत्येक पेरावर तीन पानं असतात, दोन तरंगणारी आणि तिसरं पाण्याखाली चिरफाळून मुळाचं सोंग घेतलेलं. त्या झुबक्यात बारीक मण्यांचे घोस दिसले तर घाबरू नका. त्या बीजाणूंच्या, म्हणजे बियांसारखं काम करणाऱ्या कणांच्या, पिशव्या आहेत आणि मोलेस्टात त्या वांझ असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळी मदार आहे.

गोठेवाल्याने तुम्हाला मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. मोकळ्या पाण्यात, दाटी नसताना, हीच साल्विनिया पूर्ण वेगळी दिसते: चपटी, गोलसर, नखाएवढी पानं पाण्याला चिकटून. गर्दी वाढली की पानं मोठी होतात, होडीसारखी वळतात आणि शेवटी दुमडून उभी राहतात, पार सहा सेंटिमीटरपर्यंत. पिशवीत आलेली आणि आज तळ्यावर असलेली एकच आहे हे पटणं कठीण. अझोलाच्या हौदात दोन-चार तुकडे मिसळलेले असतील आणि तुमच्या मोकळ्या पाण्यात त्यांनी अझोलाला मागे टाकलं असेल, असंही होतं.

बाकीच्या तरंगत्या मंडळींशी गल्लत होऊ नये म्हणून दोन शब्द. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून कान्ह नदीत जी दिसते, फुगीर देठांची आणि जांभळ्या फुलांची, ती जलपर्णी. छोट्या कोबीच्या गड्ड्यासारखी, मखमली पानांची असते ती पिस्टिया. हिंदीत या दोघींनाही जलकुंभी म्हणतात, त्यामुळे बोलताना घोळ होतो. दोन-चार मिलिमीटरचे सुटे हिरवे ठिपके म्हणजे टिकलीशेवाळ, इंग्रजीतलं डकवीड. आणि चौकोनी पानांची चक्रं पाण्यावर पसरलेली दिसली तर तो शिंगाडा, त्याला हात लावू नका, कुणाची तरी रोजीरोटी असते.

नावासाठी इतका जीव का काढतोय असं वाटत असेल तर एक खरी हकीकत ऐका. श्रीलंकेत ही वनस्पती १९३९ मध्ये कोलंबोला वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी आणली गेली आणि बाहेर निसटली. नंतर आफ्रिका, केरळ, ऑस्ट्रेलिया. सगळे तिला ‘साल्विनिया ऑरिक्युलाटा’ समजत होते, वर म्हटलेल्या कंदिली केसांच्या बहिणींपैकी एक. मग १९६० च्या दशकात शास्त्रज्ञ तिचे नैसर्गिक शत्रू शोधायला त्रिनिदाद आणि गयानाकडे गेले, तिथल्या ऑरिक्युलाटावरचे किडे आणून सोडले. बहुतेक ठिकाणी काही उपयोग झाला नाही. १९७२ मध्ये मिचेल या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही मुळात वेगळीच जात आहे आणि तिला ‘मोलेस्टा’ नाव दिलं. १९७८ मध्ये ब्राझीलच्या आग्नेय भागात तिचं खरं माहेर सापडलं, आणि तिथे तिच्यावर जगणारा दोन-तीन मिलिमीटरचा सोंडवाला भुंगेरा. तो १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या मूनडारा तलावात सोडला आणि साधारण वर्षभरात हजारो टन साल्विनिया बुडाली. गंमत अशी की हा भुंगेराही आधी जुन्याच जातीचा समजला गेला होता. तो वेगळा आहे हे १९८५ मध्ये जाहीर झालं, तेव्हा त्याला ‘सिर्टोबेगस साल्विनिए’ हे नाव मिळालं. झाडाचंही नाव चुकलेलं, किड्याचंही. त्यात दहा-पंधरा वर्षं गेली. तुमचं दीड वर्ष गेलं.

आता तुमच्या तळ्याकडे येऊ.

दोनदा काढूनही ती परत का आली? मजुरांनी काम वाईट केलं म्हणून नाही. हिशोब करू. तळं १,२०० चौरस मीटरचं. मजुरांनी ९९ टक्के काढली असं धरू, म्हणजे उत्तम काम झालं. राहिली १२ चौरस मीटर, कडेच्या घडीत, पंपाच्या दोरीला, कोपऱ्यात. उबदार हवेत आणि खत मिळालेल्या पाण्यात ही आठवड्याभरात दुप्पट होते, कधी त्याहूनही लवकर. १२ चे २४, ४८, ९६, १९२, ३८४, ७६८ आणि सातव्या आठवड्यात तळं पुन्हा भरलं. तुमचे दीड-दोन महिने बरोबर इथे बसतात. पहिल्या दिवशी ट्रॉल्या भरून निघतात त्याला लोक काम समजतात. खरं काम त्यानंतरच्या बारा आठवड्यांत असतं आणि ते एका माणसाने अर्धा तास हातजाळी फिरवण्याइतकंच असतं. तेवढंच कुणी करत नाही.

यात तुमच्या बाजूची गोष्ट एकच, पण मोठी. जलपर्णी बी टाकते आणि ते बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणून जलपर्णीचा तलाव आज साफ केला तरी पुढली कित्येक वर्षं तिच्या पोरीबाळी उगवत राहतात. साल्विनियाकडे बी नाही. बीजाणू वांझ. ती वाढते फक्त तुकड्यांनी, काडी मोडली की प्रत्येक कोंबाचं नवं झाड. म्हणजे शेवटचा जिवंत तुकडा उचलला की खेळ संपला, गाळात काही शिल्लक नाही. सारणीसारख्या जलाशयात शेवटचा तुकडा कोण शोधणार, पण १,२०० चौरस मीटरच्या, चहूबाजूंनी चालता येणाऱ्या तळ्यात तो सापडतो. साल्विनिया आणि जलपर्णी यांतली एक माझ्या तळ्यात यायचीच असेल तर मी साल्विनिया मागून घेईन.

काम कधी करायचं? आत्ता जानेवारी संपत आला आहे. माळव्याच्या थंडीत तिची वाढ मंद असते, तोवर तयारी करा आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून काढायला लागा. एप्रिल-मेचं ऊन वाळवायला तुमच्या मदतीला येईल. काहीही झालं तरी पावसाआधी तळं साफ हवं. पहिल्या मोठ्या पावसात तळं सांडव्यावरून वाहिलं तर ही नाल्यात जाईल, नाल्यातून कान्हेत, आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. जलपर्णीने आधीच बेजार झालेल्या नद्यांना ही भेट आपल्याकडून नको, २०२८ चा सिंहस्थ तोंडावर असताना तर नकोच. सांडव्याच्या तोंडाला आजच शेडनेट दुहेरी करून बांधा. ठिबकच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हलाही कापड गुंडाळा.

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो, कुणालाही तळ्यात उतरवू नका. प्लास्टिकचा उतार शेवाळाने साबणासारखा होतो, तीन मीटर पाण्यात गेलेला माणूस पोहता येत असूनही वर चढू शकत नाही. त्यात वर हिरवा गालिचा, खाली किती पाणी ते दिसत नाही. लहान मुलं आणि वासरं त्याला कुरण समजतात. चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवा, ट्रॅक्टरच्या दोन हवा भरलेल्या ट्यूब काठावर ठेवा. मग कामाला हात लावा.

सगळं काठावरूनच करायचं. लांब दोरीला रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, बुचं घट्ट लावून, हात-हात अंतरावर बांधा. तिच्याखाली हातभर शेडनेट शिवा, नेटच्या खालच्या कडेला ओझं म्हणून खडे किंवा जुनी साखळी. पण साखळी कापडात गुंडाळा, प्लास्टिक फाटेल. ही झाली तुमची ओढजाळ. दोन माणसांनी दोन काठांवरून ती धरायची आणि वाऱ्याच्या दिशेने हळूहळू ओढत न्यायची. वाऱ्याविरुद्ध ओढू नका, साल्विनियाची गादी ओली असली की ट्रॅक्टरही दमतो. एकेरी थर असला तरी हेक्टरी ८० टन भरतो असा अंदाज आहे, त्या हिशोबाने तुमच्याकडे साडेनऊ टन. दुमडून थरावर थर चढले असतील, आणि फोटोत तसं दिसतंय, तर त्याच्या दुप्पट-तिप्पटही असेल. यातलं ९० टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी. म्हणून काठावर ओढून आणलेला माल तासभर तिथेच निथळू द्या, मग उचला, मजुरी निम्मी वाचते.

कोपऱ्यात गोळा झालेली काढायला लोखंडी दंताळं मुळीच नको. एका तळ्यावर मी स्वतःच घाईत दातेरी पंजा वापरू दिला होता, झालर निघाली आणि आठ दिवसांनी पाणीही निघून गेलं. बांबूच्या टोकाला मजबूत नायलॉनची जाळी लावलेली झोळी करा. आमच्याकडच्या मासेमारांकडे अशी असते, त्यांना रोजावर बोलावलंत तर नवख्या चार मजुरांचं काम त्यांतला एक करेल.

एका दिवसात सगळं तळं उघडं करू नका. एवढे दिवस झाकलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि तळाशी कुजलेल्याचा थर असतो. ढवळाढवळ झाली की पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडायला लागतात, दुसऱ्या दिवशी पोटं वर. पहिल्या दिवशी एक तृतीयांश काढा, दोन दिवस थांबा. मासे पहाटे वर येताना दिसले तर पंपाने तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडा. उघडं झाल्यावर काही दिवसांनी पाणी हिरवं गढूळ होईल. ते साधं शेवाळ आहे, उजेड मिळाला म्हणून आलं, त्याला घाबरून औषध टाकू नका.

मासे विकण्याजोगे झाले असतील तर मी तुमच्या जागी असतो तर वेगळंच केलं असतं. एप्रिलमध्ये मासे काढून विकायचे, पाणी पिकाला द्यायचं, आणि तळं पूर्ण रिकामं करून आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यायचं. कोरड्या उन्हात साल्विनिया टिकत नाही. तळाच्या घडीत जिथे ओल किंवा डबकं राहील तिथली मात्र हाताने पुसून काढायची, दाट ढिगाच्या पोटात आणि ओल्या गाळात कोंब बरेच दिवस तग धरतात. प्लास्टिक फार दिवस उघडं राहिलं तर उन्हाने खराब होतं, म्हणून महिनाभर ताणू नका. बोअरचं पाणी असेल तर हा मार्ग सगळ्यात खात्रीचा. पाणी फक्त पावसाचं असेल तर विचार करून ठरवा, उन्हाळ्यातलं पाणी सोन्याच्या भावाचं.

काढलेला माल टाकायचा कुठे? बांधावर नाही. हे मी शिकलो ते चूक करूनच. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या तलावावर आम्ही तीन दिवस राबून तरंगतं तण काढलं, बांधावर कंबरभर उंच ढीग लावले, गावाने हार घातले. जूनच्या दुसऱ्या पावसात अर्धे ढीग घसरून तलावात परत. ढिगाचा वरचा थर वाळला होता, आतला मस्त हिरवागार होता. ताडपत्रीवर, तळ्यापासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला, चार बोटं जाडीचा थर पसरा आणि दिवसाआड उलटा. चुरगाळल्यावर चुरा झाला म्हणजे मेली. मग शेणाबरोबर खड्ड्यात घालून खत करा, चांगलं होतं. तुमच्या तळ्यात बोअरचं किंवा पावसाचं पाणी आहे असं धरून हे म्हणतो. सांडपाण्याच्या नदीतून काढलेली असती तर भाजीला घालू नका म्हणालो असतो, कारण ही पाण्यातले जड धातू शोषून घेते.

मग ते बारा आठवडे. दर रविवारी, हातजाळी आणि बादली घेऊन एकाने काठाने दोन फेऱ्या मारायच्या. एकच माणूस असावा, घरचा असला तर उत्तम. पहिल्या महिन्यात बादली भरेल, दुसऱ्यात मूठभर, तिसऱ्यात एखाद-दुसरं नखाएवढं पान. ते नखाएवढं सगळ्यात महत्त्वाचं. प्लास्टिकच्या घड्या, पंपाची दोरी, तरंगत्या बाटल्यांची तुमचीच माळ, काठावर उगवलेला लव्हाळा, याच तिच्या लपायच्या जागा. सलग चार रविवार काहीच सापडलं नाही की मला फोटो पाठवा.

गोठ्याचं धुणं तळ्यात येतंय का तेही पाहा. दुसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात जी चरी दिसते ती गोठ्याकडूनच येते ना? तिथली साल्विनिया सगळ्यात गर्द आहे. नत्र मिळालं की हिला पंख फुटतात. चरी शेताकडे वळवा.

आता टू-फोर-डी. औषधवाल्याने ते जलपर्णीवर चालताना पाहिलं असेल, जलपर्णी त्याने मरते. साल्विनिया हा नेचाचा प्रकार आहे, तिच्यावर त्याचा परिणाम नगण्य. शिवाय तुम्ही आत्ताच पाहिलंत की पानावर पाणी ठरत नाही, फवाराही घरंगळून तळ्यातच पडतो. तेच पाणी ठिबकने शेतात जाणार. टू-फोर-डी गव्हाला चालतं, पण हरभरा, टोमॅटो, मिरची आणि खरिपातलं सोयाबीन यांची पानं त्याच्या थोड्याशा अंशानेही वळून जातात. माळव्यात सोयाबीनच्या शेजारी तळ्यात ते टाकणं म्हणजे स्वतःच्याच पिकावर फवारणं. कुणी ग्लायफोसेट सुचवेल, कुणी पॅराक्वाट. पॅराक्वाट माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, ते शेतावर असूच नये. आणि कुठलंही औषध लागू पडलं असं धरलं तरी दहा-वीस टन हिरवळ एकदम मरून तळाशी कुजेल, प्राणवायू संपेल, मासे जातील.

ग्रास कार्प सोडा असा सल्लाही येईल. तो मासा हायड्रिला (पाण्याखाली वाढणारं एक तण) आणि अझोला आवडीने खातो. साल्विनियाला तो तुमच्या गायींइतकीच किंमत देतो.

भुंगेऱ्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण वर हकीकत सांगितली म्हणून मनात येईलच. गाजरगवतावर मेक्सिकन भुंगेरे सोडतात ते आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिलंय, हा तसाच प्रकार. मोठा भुंगेरा कोंब खातो, अळी काडीत शिरून ती पोखरते, झाड तपकिरी होऊन बुडतं. तो साल्विनियावरच जगतो, शिंगाडा-कमळाला हात लावत नाही. केरळात १९८० च्या दशकात त्याने कालवे मोकळे केले. आपल्या राज्यात जबलपूरच्या केंद्रीय तण संशोधन संचालनालयाने तो केरळातून आणून कटनी जिल्ह्यातल्या सुमारे २० हेक्टरच्या तलावात डिसेंबर २०१९ मध्ये सोडला, दीड वर्षात तलाव साफ झाला. पुढे सारणीलाही तोच सोडला. मोठ्या पाण्यासाठी माझ्या मते याच्यासारखा उपाय नाही, फक्त धीर लागतो. पहिले कित्येक महिने काहीच घडत नाही असं वाटतं, थंडीत पाणी साधारण २० अंशांखाली गेलं की त्याचं अंडी घालणं थांबतं, आणि मग एका उन्हाळ्यात सगळं एकदम कोसळतं.

तुमच्या तळ्याला मात्र तो नको. किड्यांची संख्या वाढायला भरपूर साल्विनिया लागते आणि तुम्ही ती दर आठवड्याला उचलणार. दोन्ही एकत्र केलं तर भुंगेरे बादलीतून बाहेर जातील. हाताने संपण्याजोगं काम हातानेच संपवावं. हो, तुमच्याकडून ती गावच्या तलावात पोचली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्राला लगेच कळवा, जबलपूरपर्यंत निरोप तिथून जाईल. स्वतः कुठून किडे आणून सोडू नका.

तळ्यातल्या वस्तू फिरतात तिकडेही लक्ष द्या. मासे धरणाऱ्यांची जाळी, मत्स्यबीजाचे ड्रम, पंप, बादल्या, गमबूट, सगळं दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात जाता कामा नये. इंदूरकडच्या यशवंतसागर आणि सिरपूर तलावांना २०२२ पासून रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा आहे, यशवंतसागरला सारस येतात, आणि मासेमारांची जाळी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातातच.

शेवटचं काम थोडं अवघड आहे, तुम्हालाच करावं लागेल. त्या गोठेवाल्या दादांकडे जा, भिंग घेऊन जा. भांडू नका, त्यांच्या हौदातली काडी त्यांच्याच डोळ्यांना दाखवा, कंदील दिसला की ते स्वतःच ओळखतील. हौद रिकामा करून वाळवायला सांगा आणि नवं अझोला आणायच्या आधी पांढऱ्या ताटलीत पसरून एकेक तुकडा तपासायला शिकवा. त्यानंतर विचारा, दीड वर्षात त्यांनी आणखी कुणाकुणाला पिशव्या दिल्या. नावं लिहून घ्या आणि प्रत्येकाच्या तळ्याचं पाणी पावसाळ्यात कुठे वाहतं तेही लिहा. कुणाचं तळं तुमच्या वरच्या अंगाला असेल तर तिथे तुमच्या आधी मजूर पाठवायला हवेत.